पुनावळे की पाथर्डी फाटा? गुंतवणुकीच्या फ्लॅटचं उलटं गणित

आजचा भाग थोडा घरगुती आहे, कारण ज्या पैशांबद्दल बोलणार आहे ते माझ्या बाबांचे आहेत. बाबा नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात होते. गेल्या वर्षी साठाव्या वर्षी रिटायर झाले. पीएफ, ग्रॅच्युइटी, सुट्ट्यांचे पैसे असं सगळं मिळून हातात ४६ लाख आले. आमच्या घरात एवढी रक्कम एकत्र कोणी कधी पाहिलेली नव्हती. आणि पैसे खात्यात जमा झाल्याची बातमी एजंट लोकांना कुठून कळते, हे मला आजपर्यंत समजलेलं नाही. आठवड्याभरात फोन सुरू झाले.

फोनपेक्षा जास्त जोर होता नातेवाइकांचा. काकांचं म्हणणं होतं, "पुण्यात घे. पोरगा तिथेच नोकरीला आहे. तुझं डाउन पेमेंट, त्याचा हप्ता. पुनावळ्याचे भाव बघ कुठे चाललेत." आत्याचे यजमान म्हणाले, "पुण्याचं काय घेऊन बसलात, नाशिकलाच पाथर्डी फाट्याला तयार फ्लॅट मिळतोय, भाडेकरू उद्या ठेवा." बाबांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि रात्री मला फोन केला. "तू कॉम्प्युटरवर काय ते बघ आणि सांग."

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, फायनान्सवाला नाही. पण आकडे मांडता येतात. त्यामुळे पुढचे दोन महिने शनिवार-रविवार हेच केलं. या भागात ते गणित जसं मांडलं तसं सांगतो. फ्लॅट, इमारत, बिल्डर यांची नावं घेणार नाही; आकडे आमचेच आहेत.

आधी दोन्ही फ्लॅट समजून घ्या. पुनावळ्याचा टू-बीएचके, बांधकाम चालू, कार्पेट ७०० चौरस फूट, किंमत ७५ लाख, भाडं साधारण २४,००० मिळेल असं एजंट म्हणाला. पाथर्डी फाट्याचा टू-बीएचके, पाच वर्षं जुना, रीसेल, किंमत ४२ लाख, भाडं १२,५००. नाशिकचा एजंट त्याला "साडेनऊशेचा फ्लॅट" म्हणत होता. हे साडेनऊशे म्हणजे सेलेबल. ॲग्रीमेंट काढून बघितलं तर कार्पेट ६९०. रेरा येऊन इतकी वर्षं झाली, महारेरा २०१७ च्या मे महिन्यापासून सुरू आहे आणि कायद्याने विक्री कार्पेटवर व्हायला हवी, तरी तोंडी बोलताना सगळे सेलेबलच बोलतात. दोन शहरांची तुलना करताना पहिली चूक इथेच होते. एकीकडचा भाव कार्पेटवर आणि दुसरीकडचा सेलेबलवर लावला, की नाशिक उगाच फारच स्वस्त दिसायला लागतं.

आता एजंटचं गणित. पुण्यात २४,००० गुणिले १२, भागिले ७५ लाख, म्हणजे ३.८ टक्के. नाशिकमध्ये १२,५०० गुणिले १२, भागिले ४२ लाख, ३.६ टक्के. पुणे जिंकलं. विषय संपला.

मी दोन्हीकडचा खरा खर्च धरला. पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के, त्यात मेट्रोचा एक टक्का अधिभार आला. म्हणजे सव्वापाच लाख. नोंदणी फी ३०,०००. बांधकाम चालू असल्याने जीएसटी पाच टक्के, पावणेचार लाख. ४५ लाखांच्या आतलं घर असतं तर एकच टक्का लागला असता, पण पुनावळ्यात आता त्या भावात टू-बीएचके कुठे मिळतो? सोसायटी स्थापना आणि दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स सव्वा लाखाच्या आसपास. आणि भाड्याने द्यायचं तर पंखे, गीझर, किचन ट्रॉली, खिडक्यांना जाळ्या, दोन लाख तर जातातच. सगळं मिळून साडेसत्त्याऐंशी लाख. ७५ चा फ्लॅट ८७.५ ला पडला.

नाशिकमध्ये मुद्रांक सहा टक्के, रीसेल म्हणून जीएसटी शून्य. नोंदणी तीच. एजंटची एक टक्का दलाली, सोसायटीची ट्रान्सफर फी २५,०००, वकिलाचा सर्च रिपोर्ट, रंग आणि बाथरूमच्या लिकेजची दुरुस्ती दीड लाख. एकूण ४७ लाखांच्या थोडं वर. (आईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत मिळते. ती दोन्हीकडे सारखीच, म्हणून तुलनेत धरली नाही.)

मग भाड्यातून काय उरतं ते बघितलं. पुण्यात वर्षाला एक महिना फ्लॅट रिकामा धरला. मेंटेनन्स महिना साडेतीन हजार. या पट्ट्यात उन्हाळ्यात टँकर लागतात आणि त्याची वर्गणी वेगळी निघते, ती धरलेली नाही. मालमत्ता कर, भाडेकरू बदलला की एजंटला एक महिन्याचं भाडं, रंग. हे सगळं वजा जाता वर्षाला १ लाख ८८ हजार. नाशिकमध्ये दीड महिना रिकामा धरला, कारण तिथे भाडेकरू यायला वेळ लागतो. पण मेंटेनन्स फक्त बाराशे. उरले ९९ हजार.

१.८८ भागिले ८७.५ म्हणजे २.१५ टक्के. ०.९९ भागिले ४७ म्हणजे २.१ टक्के.

मी तीनदा तपासलं. दोन शहरं, जवळजवळ दुप्पट फरक असलेल्या किमती, एक नवा टॉवर, एक जुनी बिल्डिंग, आणि हातात येणारं उत्पन्न सारखंच, दोन टक्के आणि काही.

हे मी माझ्या मावसभावाला सांगितलं. तो टेक्सासला, डॅलसजवळ असतो, त्याने तिथे भाड्याने द्यायला घर घेतलंय. तो हसायलाच लागला. "माझं साडेसात टक्के आहे." मी म्हटलं, वजाबाकी कर. ४ लाख डॉलरचं घर, महिना २,५०० भाडं, वर्षाचे ३०,०००. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, आणि तिथली स्थानिक सरकारं बरीचशी प्रॉपर्टी टॅक्सवर चालतात. त्याला ८,००० डॉलर बसतो, म्हणजे किमतीच्या दोन टक्के. विमा ३,०००. मॅनेजमेंट कंपनी २,५००. एक महिना रिकामं म्हणून २,५००. दुरुस्ती ४,०००. उरले १०,०००, म्हणजे अडीच टक्के. तो दोन मिनिटं गप्प होता. मग म्हणाला, "पण माझा व्याजदर तीस वर्षं बदलणार नाही." हा मुद्दा मात्र त्याचा शंभर टक्के खरा. आपल्याकडे २०१९ च्या ऑक्टोबरपासून बँकांची नवीन फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या दराला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, जोडलेली आहेत. २०२२ च्या मे ते २०२३ च्या फेब्रुवारीदरम्यान रेपो ४ वरून ६.५ वर गेला. माझ्या टीममधल्या एकाने त्याआधी ६.७ टक्क्यांनी वीस वर्षांचं कर्ज घेतलं होतं. हप्ता तोच ठेवायचा म्हटलं तर कर्ज त्याच्या रिटायरमेंटनंतरही संपत नव्हतं. वेगळ्या देशातला भाव आपल्याशी ताडून बघताना हे असं काहीतरी मुळात वेगळं असतं, आणि ते टक्क्यांमध्ये दिसत नाही.

असो. आपल्या गणिताकडे येऊ. भाडं दोन टक्के म्हटल्यावर सगळा भार किंमत वाढण्यावर आला. इथे बहुतेक जण विचारतात, "भाव किती वाढतील?" याचं उत्तर कोणालाच माहीत नसतं, त्यामुळे ज्याचा आवाज मोठा त्याचं उत्तर खरं ठरतं. आमच्या घरी काकांचा आवाज मोठा आहे.

म्हणून मी प्रश्न उलटा केला. बाबांपुढे दुसरा पर्याय होता ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा, पोस्टातली. व्याज ८.२ टक्के, मर्यादा माणशी ३० लाख, दर तीन महिन्यांनी पैसे खात्यात. म्हणजे फ्लॅटला निदान याच्या बरोबरीने धावायला हवं. भाड्याचे दोन टक्के मिळाले, उरलेले सहा टक्के किंमत वाढून यायला हवेत, आणि ते ७५ किंवा ४२ वर नाही, तर खिशातून गेलेल्या ८७.५ आणि ४७ वर. सात वर्षं धरली. मग उत्तर येतं: सात वर्षांनी पुनावळ्याचा फ्लॅट १ कोटी ३१ लाखांना विकला गेला पाहिजे आणि पाथर्डीचा ७१ लाखांना. फायदा नाही, फक्त बरोबरी. त्यातही विकतानाची दलाली आणि दीर्घकालीन भांडवली नफ्यावरचा साडेबारा टक्के कर मी धरलेला नाही.

आता पुढचा प्रश्न: हे पैसे देणारा माणूस कोण?

मला वाटतं माझ्या दोन महिन्यांच्या कामातलं एवढंच खरं कामाचं निघालं. भाव काही हवेत वाढत नाही. कुणीतरी समोर उभा राहतो, बँकेत जातो, पगाराच्या स्लिपा देतो, तेव्हा तो भाव होतो. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता लाखाला ८६८ रुपये पडतो. पुनावळ्यात १ कोटी ३१ लाखांच्या ८० टक्के कर्ज घेतलं तर हप्ता ९१ हजार. बँक साधारण हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ता बसवते. म्हणजे घरात महिना १ लाख ८० हजार हातात येणारं जोडपं हवं. पाथर्डी फाट्याला हप्ता ४९ हजार, म्हणजे लाखभर रुपये हातात येणारं घर हवं.

पुनावळ्यात असं जोडपं मिळेल का? मिळेल. दोघं हिंजवडीत आयटीत असतील तर आजही मिळतं, सात वर्षांनी नक्की मिळेल. पण ते जोडपं माझा सात वर्षं जुना फ्लॅट का घेईल? शेजारी तोच बिल्डर तिसरा फेज उभा करून बसलेला असेल, नवा क्लबहाऊस, मुद्रांक शुल्क माफची ऑफर. तिथे विकायला निघालेल्या माणसाची स्पर्धा बिल्डरशी असते आणि मोकळी जमीन अजून रावेतपासून मारुंजीपर्यंत आहे. शिवाय "मेट्रोपासून पाच मिनिटं" ही ओळ तर हिंजवडी–शिवाजीनगर मार्गाचं २०१८ च्या डिसेंबरमध्ये भूमिपूजन झालं तेव्हापासून वाचतोय. म्हणजे मेट्रोचे पैसे भावात कधीच लागून गेलेत.

नाशिकला उलटं आहे. तिथे नवे टॉवर कमी, पण लाखभर हातात येणारी घरंही कमी. अंबड, सातपूरच्या कारखान्यांतले सीनिअर लोक, डॉक्टर, बँकवाले, द्राक्षबागायतदार. यातला बागायतदार कर्ज न काढताही घेतो, पण तो गंगापूर रोडला घेतो, पाथर्डी फाट्याला नाही. हे बाबांनीच सांगितलं. माझ्या स्प्रेडशीटमध्ये हा कॉलम नव्हता.

अंदाजावर भागेना म्हणून मग मी नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर बसलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आपल्याकडे झालेल्या प्रत्येक नोंदणीकृत व्यवहाराची सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, ऑनलाइन ई-सर्चमध्ये फुकट बघता येते. जिल्हा, गाव, वर्ष आणि सर्व्हे नंबर टाकायचा. साइट रडतखडत चालते, कॅप्चा चारदा चुकतो, पण ज्या बिल्डिंगमध्ये घ्यायचं तिथले खरे व्यवहार समोर येतात: मोबदला किती, सरकारी बाजारभाव किती, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, तारीख. लिव्ह अँड लायसन्सचे करारही त्यात असतात, त्यामुळे भाडंही कळतं. एजंटने नाशिकला १२,५०० सांगितलेलं, त्याच बिल्डिंगमधले दोन करार ११,००० आणि ११,५०० चे निघाले.

आणि किमती? त्या बिल्डिंगमध्ये २०१८ मध्ये बुकिंगच्या वेळी असाच फ्लॅट ३१ लाखांना गेला होता. २०२४ मध्ये त्याच मापाचा ४० ला. सहा वर्षांत वर्षाला सव्वाचार टक्के. आम्हाला बरोबरीसाठी ४२ चे ७१ व्हायला हवे होते, म्हणजे वर्षाला पावणेआठ टक्के. शिवाय सहा वर्षांत अख्ख्या बिल्डिंगमध्ये रीसेलचे व्यवहार फक्त तीन.

एक सावधगिरी. इंडेक्स टूमधला मोबदला आणि सरकारी बाजारभाव हे दोन आकडे ओळीने सगळ्या दस्तांत जवळजवळ सारखे दिसले, तर समजायचं की काही रक्कम रोखीने फिरली असेल आणि खरा भाव कागदावर नाही. पुण्यातल्या नव्या प्रकल्पांत सगळे बँकेचं कर्ज घेतात, तिथले आकडे त्यामानाने खरे वाटले.

पुण्याच्या फ्लॅटसाठी महारेराच्या साइटवरही गेलो. एजंटच्या तोंडी पझेशन पुढच्या दिवाळीला, महारेरावर नोंदवलेली तारीख डिसेंबर २०२७. म्हणजे त्याआधी भाडं शून्य. या बाबतीत मी आधीच एकदा पोळलोय. २०२१ मध्ये एका "प्री-लाँच"मध्ये एक लाख भरले होते. रेरा नंबर "येतोय" असं सांगितलं होतं. नोंदणीशिवाय बुकिंग घेणंच बेकायदा आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते लाख परत मिळायला चौदा महिने आणि माझ्या आईने बिल्डरच्या ऑफिसमध्ये घातलेल्या तीन फेऱ्या लागल्या. माझ्या फेऱ्यांचा काही उपयोग झाला नव्हता.

काकांचा शेवटचा मुद्दा कर्जाचा होता. "पैसे बँकेचे, फायदा आपला." बाबांचे ३० लाख आणि माझं ५७ लाखांचं कर्ज. पहिल्या वर्षाचं व्याजच पावणेपाच लाखांच्या वर, समोर भाडं १ लाख ८८ हजार. दरमहा पंचवीस हजारांचा खड्डा, मुद्दल वेगळंच. "करात वाचेल" म्हणाले. नव्या कररचनेत भाड्याच्या घराचा तोटा पगारातून वजा होत नाही, आणि मी नव्या रचनेत आहे.

हां, तिसरा एक पर्यायही आला होता, सिन्नर रोडला दोन गुंठे, "समृद्धी महामार्गामुळे सोनं होणार". सातबारा सामायिक होता आणि मंजूर लेआउट नव्हता. त्यावर मी पंधरा मिनिटंसुद्धा घालवली नाहीत.

माझं चुकतंय असं म्हणणारेही आहेत, आणि त्यांच्याकडे पुरावा आहे. माझ्या टीममधल्या दुसऱ्या एकाने २०२० मध्ये त्याच पट्ट्यात ५२ लाखांना फ्लॅट घेतला, आज ७८ ला मागणी आहे. वर्षाला आठ टक्क्यांच्या वर. मी माझं गणित दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "तू २०२० मध्ये असतास तर तेव्हाही हेच म्हणाला असतास." खरं आहे. म्हणालो असतो. पण तो त्याच फ्लॅटमध्ये राहतो. त्याचं भाडं वाचतंय, महिनाभर घर रिकामं राहत नाही, विकायची घाई नाही. राहायच्या घराचं गणित अगदीच वेगळं, ते मी इथे मांडलेलंच नाही. माझे बाबा साठ वर्षांचे आहेत, त्यांना दवाखान्यासाठी दहा लाख लागले तर फ्लॅटचा एक बाथरूम विकता येत नाही.

हे वाक्य मी त्यांना असंच म्हटलं आणि ते खूप वेळ हसले. मग म्हणाले, "पण पोस्टाचं पासबुक कोणाला दाखवता येत नाही रे." मला त्या क्षणी कळलं की आकड्यांच्या पलीकडे काय चाललं होतं. पस्तीस वर्षं नोकरी केली आणि त्यातून "हे उभं केलं" असं बोट दाखवायला काहीतरी हवं होतं. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही नाही.

शेवटी ३० लाख बचत योजनेत गेले. दर तिमाहीला साडेएकसष्ट हजार येतात. बाकीचे एफडीत आहेत, त्यातले चार लाख घराच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला आणि वर एक खोली काढायला वापरले. ती खोली बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला आवर्जून दाखवतात.

आणि तो पाथर्डीचा फ्लॅट. मी सवयीने मध्ये मध्ये ई-सर्च उघडतो. आठ महिन्यांनी त्याचा दस्त दिसला: ३९ लाख ५० हजार. बाबांना फोन करून सांगितलं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हणजे अडीच लाखांनी उतरला? मग वरच्या मजल्यावरचा अजून आहे म्हणत होता तो एजंट. विचारू का?"